उद्यानातील स्वच्छतागृहाची दुरवस्था : एका बिघाडाचा क्रम

हे प्रकरण एका मध्यम आकाराच्या सार्वजनिक उद्यानातील स्वच्छतागृहाचे आहे. कडेने फिरण्याची वाट, मध्ये हिरवळ, एका बाजूला मुलांची खेळणी आणि वाटेपासून थोडी आत, झाडांच्या दाटीत, ही बैठी इमारत. पुरुषांच्या बाजूला दोन संडास व चार मुताऱ्या, स्त्रियांच्या बाजूला दोन संडास आणि मागच्या अंगाला दिव्यांगांसाठी एक स्वतंत्र खोली अशी तिची मांडणी आहे. बांधकाम पक्के आहे, भिंतींना छातीच्या उंचीपर्यंत फरशा बसवलेल्या आहेत आणि छत गळत नाही. एवढे सगळे असूनही काही वर्षांत ही जागा अशा अवस्थेला पोचली की उद्यानात रोज येणारी माणसेसुद्धा तिच्या बाजूची वाट टाळून फिरू लागली.

असे का झाले याचे उत्तर सगळ्यांकडे तयार होते. फिरायला येणारे म्हणत की लोकांना शिस्त नाही. अधिकाऱ्यांचे म्हणणे असे की कितीही सोयी करून दिल्या तरी लोक त्या नीट वापरत नाहीत. सफाईचे कंत्राट घेणाराही हेच सांगत असे. एरवी एकमेकांवर दोष ढकलणाऱ्या या साऱ्यांचे या एका बाबतीत एकमत होते आणि ते सर्वांच्या सोयीचे होते, कारण हे उत्तर मान्य केले की कोणालाच काही करावे लागत नाही. उद्यानात नियमित येणाऱ्या आम्ही काही जणांनी संबंधितांच्या परवानगीने जागेची पाहणी केली, तिथे काम करणाऱ्यांशी बोललो, नोंदवह्या पाहिल्या आणि टाकीपासून चेंबरपर्यंत पाण्याचा मार्ग तपासला. लोकांच्या बेशिस्तीचा वाटा या दुरवस्थेत आहे हे आम्हांला नाकारायचे नाही. परंतु तो वाटा बिघाडाच्या शेवटच्या टप्प्यावर येतो आणि त्याआधीचे सगळे टप्पे टाळता येण्यासारखे होते, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

पाहणीत काय दिसले

पुरुषांच्या बाजूला शिरण्याआधीच डोळ्यांना झोंबणारा वास येत असे. चारपैकी दोन मुताऱ्यांवर प्लास्टिकची पिशवी गुंडाळून त्या बंद केलेल्या होत्या, उरलेल्या दोन्हींच्या तळाशी पिवळट पांढरा, दगडासारखा थर जमला होता आणि त्याखाली जाळीची भोके जवळजवळ बुजली होती. हात धुण्याच्या भांड्याचा नळ गायब होता. नळाच्या जागी पाइपाच्या तोंडात लाकडाची खुंटी ठोकून तिच्याभोवती चिंधी आवळलेली होती. एका संडासातील फ्लशच्या टाकीचे झाकण नव्हते आणि टाकीत पाण्याऐवजी फडके, घासणी व रिकाम्या बाटल्या ठेवलेल्या होत्या. सफाई करणाऱ्या ताईंना साहित्य ठेवायला दुसरी जागाच दिलेली नव्हती, त्यामुळे बंद पडलेल्या टाकीचा त्यांनी असा उपयोग करून घेतला होता.

स्त्रियांच्या बाजूची स्थिती वेगळी आणि अधिक त्रासदायक होती. पहिल्या दाराची कडी निघालेली होती, तिच्या जागी स्क्रूची चार भोके तेवढी उरली होती आणि कोणीतरी चौकटीतल्या खिळ्याला तारेचा फास अडकवून दार लोटून ठेवण्याची सोय केली होती. तो फास आतून ओढून धरायचा, तर एक हात अडकून पडतो. पिशवी टांगायला खुंटी नाही, फरशी कायम ओली, म्हणून पिशवी दुसऱ्या हातात. अशा अवस्थेत कोणत्याही स्त्रीला ती जागा वापरता येणे जवळजवळ अशक्य होते, म्हणून बायका जोडीने येत, एकजण दाराशी उभी राहत असे. एकटी आलेली स्त्री परत जात असे. दुसऱ्या संडासाचे भांडे तुंबलेले होते. वरच्या झरोक्याला, आत डोकावले जाऊ नये म्हणून, पत्रा ठोकलेला होता; हेतू चांगला असला तरी त्यामुळे उजेड आणि वारा दोन्ही बंद झाले होते, आणि होल्डरमध्ये दिवा नव्हता.

दिव्यांगांच्या खोलीला कुलूप होते. किल्ली उद्यानाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या पहारेकऱ्याच्या खोलीत राहत असे. म्हणजे ज्या व्यक्तीला चालणे कठीण आहे तिने आधी संपूर्ण उद्यान ओलांडून किल्ली आणावी, अशी व्यवस्था होती. खोली उघडल्यावर जे आढळले त्याने आमचाच अंदाज चुकवला. फरशी कोरडी, भांडे कोरे, भिंतींवर फक्त धूळ. वापर जवळजवळ नव्हताच. आणि तरीही कुजलेल्या अंड्यासारखा सर्वांत उग्र वास याच खोलीत होता.

न वापरलेल्या खोलीला वास का यावा, हे समजून घेणे या प्रकरणात फार उपयोगाचे ठरले. संडासाच्या भांड्याखाली आणि फरशीवरच्या नहाणी ट्रॅपमध्ये वाकडा भाग असतो, त्यात थोडे पाणी कायम अडकून राहते आणि हे पाणीच गटारातील वायूला वर येण्यापासून रोखते. प्लंबर त्याला वॉटर सील म्हणतात. अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने १७७५ मध्ये अशा वळणदार नळीच्या शौचकूपाचे पेटंट घेतले आणि आजही जगभरातील संडास याच तत्त्वावर चालतात. या सीलची खोली फार नसते, साधारण ५० मिलिमीटर. काही आठवडे पाणी पडले नाही तर ते वाफ होऊन उडून जाते आणि गटार व खोली यांच्यात काहीच आड राहत नाही. कुजलेल्या अंड्यासारखा वास हायड्रोजन सल्फाइडचा असतो आणि तो थेट गटारातून येत होता. आम्ही दोन्ही ट्रॅपमध्ये बादलीभर पाणी ओतले, दार उघडे ठेवले, आणि वास गेला. त्या खोलीत अस्वच्छता नव्हतीच. तिला फक्त पाणी मिळाले नव्हते. उरलेल्या इमारतीचाही शोध पाण्यापासून घ्यायला हवा, हे तिथे पहिल्यांदा लक्षात आले.

पाणी कुठे जात होते

छतावर एक टाकी आहे. नोंदीप्रमाणे ती रोज भरत होती, आणि प्रत्यक्षातही भरत होती. मग सकाळी नळ कोरडे का असत? टाकीतून निघणारा पाइप इमारतीच्या मागे येतो, तिथे त्याला एक फाटा आहे आणि त्या फाट्याला झाडांना पाणी घालण्याची नळी जोडलेली होती. माळ्यांचे काम पहाटे सुरू होते. ऊन चढण्याआधी पाणी घालणे झाडांच्या दृष्टीने योग्यच असते, त्यामुळे त्यांनी काही चुकीचे केले असे म्हणता येणार नाही. पण फिरायला येणाऱ्यांची सर्वांत मोठी गर्दी नेमकी त्याच वेळी असते. टाकी रात्री भरायची, पहाटे हिरवळीवर रिकामी व्हायची आणि ज्या वेळी स्वच्छतागृहाला पाण्याची सर्वाधिक गरज, त्या वेळी नळातून हवा येत असे. झाडे उद्यान विभागाकडे, सफाई आरोग्य विभागाच्या कंत्राटदाराकडे आणि नळजोड तिसऱ्याच विभागाकडे असल्यामुळे, टाकीचे झाकण उघडून सकाळी आत पाणी आहे की नाही हे पाहणे कोणाच्याच कामात बसत नव्हते.

यापुढचा क्रम जवळजवळ यांत्रिक आहे. फ्लश ओढला, पाणी आले नाही, म्हणून माणूस पुन्हा ओढतो, जोर लावतो, आणि दांडी तुटते. नळ उघडला, पाणी आले नाही, तो तसाच उघडा राहतो. रात्री टाकी भरू लागली की त्या उघड्या नळातून पाणी वाहून जाते आणि पहाटे माळ्यांनाही पुरेसे मिळत नाही. हा प्रकार वारंवार होऊ लागल्यावर कोणीतरी नळच काढून पाइपात खुंटी ठोकली. चिंधी गुंडाळलेली ती खुंटी पाहून आम्हांला आधी चोरीचा संशय आला होता, पण ते पाणी वाचवण्यासाठी कर्मचाऱ्यांनीच केलेले काम होते. हात धुण्याची सोय अशा रीतीने कायमची गेली. पाणी नसलेल्या संडासात एकदा घाण राहिली की पुढचा माणूस भांड्यापासून लांब उभा राहतो किंवा बसतो, फरशी खराब होते, तिसरा माणूस दारातूनच परततो आणि इमारतीच्या मागच्या भिंतीचा आश्रय घेतो. या तिसऱ्या माणसाला आपण बेशिस्त म्हणतो. त्याचे वर्तन मला समर्थनीय वाटत नाही. पण त्याच्या आधी काय घडले होते हे न पाहता केवळ त्याच्यासाठी फलक लावणे निष्फळ ठरते, हेही तितकेच खरे आहे.

मुताऱ्यांवरच्या थराची कथाही पाण्याशीच जोडलेली आहे. ताज्या लघवीला फारसा वास नसतो. ती साचून राहिली की तिच्यातील युरियाचे जिवाणूंकडून विघटन होते, त्यातून अमोनिया तयार होतो, आणि डोळ्यांना झोंबतो तो हाच. अमोनियामुळे द्रव अल्कधर्मी बनतो आणि मग त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार फॉस्फेटच्या रूपात कठीण थर बनून बसतात. पाण्याने वेळेवर धुतले असते तर हा थर बसलाच नसता. एकदा बसला की साबण किंवा ब्लीचिंग पावडर त्याला हलवू शकत नाही, तो आम्लाने सुटतो. उलट तो खडबडीत असल्यामुळे त्यात नव्याने लघवी मुरते, जिवाणूंना आसरा मिळतो आणि रोज सफाई होऊनही वास जात नाही. या इमारतीत हेच चालले होते.

इथे एका धोक्याची नोंद करणे मला अत्यंत आवश्यक वाटते. वास जात नाही म्हणून वरिष्ठांची बोलणी खावी लागत, तेव्हा सफाई करणाऱ्या ताई आधी ब्लीचिंग पावडर टाकत आणि त्यावरच अ‍ॅसिड ओतत असत. त्या कामानंतर बराच वेळ खोकला येतो, छाती भरल्यासारखी वाटते, असे त्यांनी सहज बोलता बोलता सांगितले. कामाचा भाग म्हणून त्यांनी ते स्वीकारले होते. ब्लीचिंग पावडर आणि आम्ल एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो, आणि अमोनियाशी ब्लीचचा संयोग झाला की क्लोरामाइन नावाचे दाहक वायू तयार होतात. झरोका पत्र्याने बंद असलेल्या खोलीत, तोंडाला काही न बांधता, एक व्यक्ती रोज हे श्वासात घेत होती. त्यांना साहित्य दिले गेले होते, पण त्या दोन डब्यांतील पदार्थ एकमेकांत कधीही मिसळू नयेत, हे कोणी सांगितले नव्हते. साऱ्या प्रकरणात माझ्या दृष्टीने सर्वांत गंभीर बाब हीच आहे, कारण बाकीच्यांचा प्रश्न गैरसोयीचा होता आणि त्यांचा श्वासाचा.

स्त्रियांच्या बाजूचा तुंबलेला संडास आणखी एका उणिवेचा परिणाम होता. तिथे झाकणाचा कचराडबा नव्हता. सॅनिटरी पॅड टाकायला जागा नसेल तर ते कागदात गुंडाळून कोपऱ्यात ठेवायचे किंवा भांड्यात टाकायचे, एवढेच पर्याय उरतात. पॅडमधील शोषक पदार्थ पाण्यात विरघळत नाही, उलट फुगतो. बाहेरचा चेंबर उघडला तेव्हा पुढच्या पाइपाच्या तोंडाशी असाच बोळा अडकलेला होता आणि मागचे सगळे पाणी तिथे थांबले होते. एक झाकणाचा डबा आणि तो रोज रिकामा करण्याची तजवीज, एवढ्यावर हे टळले असते.

तक्रारी कमी का झाल्या

कार्यालयात तक्रारींची नोंदवही आहे. तिच्यातील जुन्या पानांवर या स्वच्छतागृहाबद्दलच्या नोंदी दाट आहेत: पाणी नाही, कडी नाही, दिवा नाही. पुढे पुढे त्या विरळ होत जातात आणि शेवटच्या पानांवर जवळजवळ नाहीत. कार्यालयाने याचा अर्थ असा लावला होता की परिस्थिती सुधारली असावी. प्रत्यक्षात ज्यांच्याकडे तक्रार करण्याइतका वेळ, आत्मविश्वास आणि पर्याय होता, ती माणसे ही जागा वापरणे सोडून गेली होती. जवळ राहणारे घरी जाऊन येत. काहींनी फिरण्याची वेळच कमी केली. आजी-आजोबांपैकी काहीजण यायचेच बंद झाले. वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी असो वा मधुमेह, ज्यांना वारंवार लघवीला जावे लागते त्यांच्यासाठी स्वच्छतागृह नसलेले उद्यान म्हणजे न येण्यासारखे ठिकाण असते. काही स्त्रियांनी सांगितले की उद्यानात येण्याआधी त्या पाणी पीत नाहीत. व्यायाम करायला येणाऱ्या माणसाने पाणी न पिता यावे, आणि लघवी रोखून धरण्याची सवय लावून घ्यावी, याने मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. म्हणजे आरोग्यासाठी बांधलेली जागाच काहींना आजाराकडे ढकलत होती.

मागे उरले ते वापरणारे कोण? माळी, सफाई कर्मचारी, पहारेकरी, उद्यानाबाहेर दिवसभर गाडी किंवा ठेला लावून उभे राहणारे, मुलांना खेळायला घेऊन आलेल्या बायका. यांना दुसरीकडे जाण्याची सोय नव्हती आणि यांच्यापैकी कोणी नोंदवहीत सही करून तक्रार करेल अशी शक्यताही फार थोडी होती. तक्रारींची संख्या हा सेवेचा मापदंड मानण्यात असा धोका असतो की सेवा पूर्ण कोसळली की मापदंड उत्तम दिसू लागतो. सार्वजनिक सोयीच्या कोणत्याही पाहणीत, किती जणांनी तक्रार केली याच्या जोडीला किती जणांनी वापर सोडला हे मोजल्याशिवाय चित्र पुरे होत नाही. आम्ही दारापर्यंत येऊन परत जाणाऱ्यांकडे लक्ष ठेवले, तेव्हा परत जाणाऱ्यांमध्ये स्त्रिया फार मोठ्या प्रमाणात आहेत हे उघड दिसले. सफाईच्या तक्त्याचीही हीच गत होती. दाराशी लावलेल्या कागदावर तारखा आणि सह्या भरपूर होत्या, काही तर पुढच्या दिवसांच्याही. साफ केले का, याचे उत्तर त्यावर होते, पण आता वापरण्याजोगे आहे का, हे तपासायला तिथे रकानाच नव्हता.

एक स्क्रू आणि तीन विभाग

दाराची कडी बसवण्यासाठी चार स्क्रू आणि थोडा वेळ लागतो. या उद्यानात ती अनेक महिने बसली नाही. सफाई कर्मचाऱ्यांच्या कामात दुरुस्ती येत नाही. त्यांनी सांगायचे पर्यवेक्षकाला, त्याने कळवायचे कंत्राटदाराला, कंत्राटदाराच्या करारात दुरुस्ती नसल्यामुळे त्याने कळवायचे विभागाला, विभागाने अंदाजपत्रक करून दुसऱ्या विभागाकडे पाठवायचे, आणि इतक्या लहान कामासाठी स्वतंत्र आदेश काढणे परवडत नाही म्हणून आणखी कामे साठेपर्यंत थांबायचे. या साखळीतील प्रत्येकाने आपापले काम नियमाप्रमाणे केले होते. आम्ही प्रत्येक टप्प्यावर विचारणा केली तेव्हा कोणीही उद्धटपणे वागले नाही, सगळ्यांनी कागद दाखवले, आणि सगळ्यांचे कागद बरोबर होते. या प्रकरणातील खरा दोष मला तिथेच दिसतो. मोठ्या खर्चाला मंजुरी देणारी माणसे व्यवस्थेत होती, पण चार स्क्रू विकत आणून आजच्या आज लावण्याचा अधिकार असलेले कोणीही नव्हते.

उद्यानातील सार्वजनिक शौचालयाचा इतिहास पाहिला तर ही त्रुटी अधिक ठळक होते. १८५१ मध्ये लंडनच्या हाइड पार्कमध्ये भरलेल्या महाप्रदर्शनात जॉर्ज जेनिंग्ज या प्लंबरने पैसे देऊन वापरायची फ्लशची शौचालये उभारली आणि ८,२७,२८० जणांनी प्रत्येकी एक पेनी देऊन ती वापरली. त्या शौचालयांत सेवक होते. प्रत्येक वापरानंतर जागा स्वच्छ ठेवली जात असे. म्हणजे भांडे आणि माणूस या दोन्ही गोष्टी मिळून ती सेवा बनली होती. पुढच्या काळात जगभर भांडी वाढली आणि माणूस खर्चाच्या कारणाने कमी होत गेला. अलीकडचे उदाहरण टोकियोच्या शिबुया भागाचे आहे. तिथे २०२० पासून नामवंत वास्तुरचनाकारांकडून १७ सार्वजनिक स्वच्छतागृहे बांधून घेण्यात आली. त्यांतील दोन उद्यानांमधली, आतून कडी लावली की अपारदर्शक होणाऱ्या काचेची स्वच्छतागृहे जगभर चर्चेत आली. चर्चा काचेची झाली, परंतु त्या प्रकल्पात देखभालीची रचना बांधकामाइतकीच विचारपूर्वक केलेली होती, आणि आपल्यासारख्या साध्या इमारतींनी घ्यावे ते त्यातून हेच.

संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने २८ जुलै २०१० रोजी पाणी व स्वच्छता हा मानवी हक्क म्हणून मान्य केला. या हक्काची कसोटी केवळ सोय अस्तित्वात आहे का, एवढीच नाही. ती सुरक्षित आहे का, सर्वांना पोचता येण्याजोगी आहे का, आणि वापरताना खासगीपणा व सन्मान राहतो का, हेही पाहावे लागते. कागदोपत्री या उद्यानात स्वच्छतागृह होते. कडी नसलेले दार आणि उद्यानाच्या दुसऱ्या टोकाला ठेवलेली किल्ली हे पाहता, ते या कसोट्यांवर कुठे उतरत होते हे वेगळे सांगायला नको.

जे टिकले नाही आणि जे टिकले

आमच्या पाहणीआधीही प्रशासनाने प्रयत्न केले होते. भिंती रंगवून त्यावर स्वच्छतेचे संदेश लिहिले गेले. रंगाचा वास जाण्याआधी आतला जुना वास परतला. एकदा सगळे नळ आणि कड्या एकदम बदलण्यात आल्या, चकचकीत व महाग प्रतीच्या; त्यांतील काही चोरीला गेल्या आणि काही वरच्याप्रमाणेच पाण्याअभावी मोडल्या. मग सायंकाळी कुलूप लावण्यास सुरुवात झाली, म्हणजे नासधूस थांबेल असा विचार त्यामागे होता. त्याने मागच्या भिंतीजवळची घाण मात्र वाढली.

पाहणीनंतर झालेल्या बैठकीत आम्ही एकच आग्रह धरला की नूतनीकरणाची मोठी निविदा निघण्याची वाट न पाहता आधी पाण्याचा फाटा तोडावा. तो तोडला गेला आणि झाडांसाठी वेगळी जोडणी झाली. या एका बदलानंतर सकाळी नळाला पाणी राहू लागले आणि मगच बाकीच्या दुरुस्त्यांना अर्थ आला. मुताऱ्यांवरचा थर आम्लाने, दारे उघडी ठेवून, हातमोजे व मुखपट्टी वापरून काढण्यात आला. ब्लीचिंग पावडर वेगळ्या खोलीत ठेवून ती केवळ फरशीसाठी आणि वेगळ्या दिवशी वापरायची असे ठरले, आणि हे सफाई कर्मचाऱ्यांना कारणासह समजावून सांगण्यात आले. आधीचे नळ जाऊन दाबल्यावर सुरू होणारे आणि आपोआप बंद होणारे नळ आले. हात धुण्याचे भांडे इमारतीच्या बाहेरच्या भिंतीवर, वाटेवरून दिसेल असे आणले गेले. त्यामुळे केवळ हात किंवा तोंड धुवायला येणाऱ्यांना आत शिरावे लागत नाही आणि उघड्यावर असल्याने मोडतोडही कमी होते. झरोक्याचा पत्रा काढून तिरप्या पट्ट्यांची जाळी बसवली, तिच्यातून वारा येतो, नजर जात नाही. खुंट्या लागल्या, झाकणाचे डबे आले. इमारतीभोवतीच्या झाडांच्या खालच्या फांद्या छाटल्यामुळे दार वाटेवरून दिसू लागले, आणि एकट्या येणाऱ्या स्त्रियांना या गोष्टीने सर्वांत जास्त धीर दिला, असे त्यांच्याकडूनच समजले.

सर्वांत परिणामकारक बदल मात्र अधिकाराचा होता. उद्यानाच्या वेळेत एक व्यक्ती स्वच्छतागृहाची जबाबदार म्हणून नेमली गेली, तिच्याकडे स्क्रू, कड्या, वायसर, दिवे आणि एक पाना असलेली पेटी दिली गेली, आणि ठरावीक मर्यादेपर्यंतची दुरुस्ती कोणालाही न विचारता करून नंतर नोंद करण्याची मुभा मिळाली. दाराशी तिचे काम करण्याचे तास आणि संपर्काची सोय लिहिलेली आहे. सफाईच्या करारातही शब्द बदलले: दिवसातून किती वेळा सफाई, याऐवजी अचानक केलेल्या तपासणीत पाणी, कडी, दिवा, कोरडी फरशी आणि रिकामा डबा या पाच गोष्टी आढळतात का, यावर देयक अवलंबून ठेवले गेले. कंत्राटदाराचा सुरुवातीला याला विरोध होता आणि त्याचा मुद्दा रास्त होता, कारण पाणीपुरवठा त्याच्या हातात नव्हता. म्हणून पाणी नसल्याची नोंद त्याने वेळेत केली तर त्याचे देयक कापले जाऊ नये, असे कलम जोडण्यात आले. या कलमाचा अनपेक्षित लाभ असा झाला की टाकी रिकामी आहे हे कळवण्यात आता कोणाचा तरी स्वार्थ आहे.

जे अद्याप झालेले नाही

स्त्रियांची सोय अजूनही अपुरी आहे. सुट्टीच्या दिवशी त्यांच्या बाजूला रांग लागते, पुरुषांच्या बाजूला लागत नाही. दोन्ही बाजूंना सारखी जागा दिली म्हणजे समान वागणूक दिली, असा समज बांधकामाच्या वेळी होता. पण त्याच जागेत पुरुषांकडे सहाजण सामावतात आणि स्त्रियांकडे दोघी, शिवाय कपडे, मासिक पाळी, सोबतची मुले यांमुळे स्त्रियांना प्रत्येक वेळी अधिक वेळ लागतो. रांगेचे कारण इमारतीच्या नकाशातच आहे. बंद असलेल्या दोन मुताऱ्यांची जागा स्त्रियांच्या बाजूला जोडून तिथे आणखी एक संडास बांधण्याचा प्रस्ताव दिलेला आहे. मधली भिंत भार पेलणारी नसल्याने हे काम तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही, असे पाहणीला आलेल्या अभियंत्याने सांगितले आहे. प्रस्तावावर अजून निर्णय झालेला नाही.

दिव्यांगांच्या खोलीची किल्ली आता नेमलेल्या व्यक्तीकडे, म्हणजे दाराजवळच असते आणि ट्रॅपमध्ये नियमाने पाणी टाकले जाते. तरी त्या खोलीचे दार आत उघडते, त्यामुळे चाकांची खुर्ची आत घेतल्यावर ते लावता येत नाही. खुर्ची वळवण्यासाठी साधारण दीड मीटर व्यासाची मोकळी जागा लागते आणि तेवढी इथे दार बाहेर उघडणारे केले तरच मिळेल. बिजागऱ्या उलट्या बाजूला लावण्याचे हे काम नेमलेल्या व्यक्तीच्या मर्यादेत बसते की विभागाकडे पाठवावे लागेल, याचा खुलासा मागवलेला आहे. उद्यान बंद झाल्यावर बाहेर उभे राहणाऱ्या चालकांची आणि ठेलेवाल्यांची सोय काय, हा प्रश्न तर अजून चर्चेलाही आलेला नाही. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर तो घ्यावा, असे पत्र आम्ही दिले आहे.